दावणीचं दुसरं टोक

पिराजीबद्दल सांगायचं तर आधी माझं सांगितलं पाहिजे, कारण त्याच्यावर माझ्याइतकं जळलेलं माणूस अख्ख्या कबनुरात सापडायचं न्हाय. खोटं कशाला बोलू? साठी उलटली आता. मी कृष्णात, जॉबर. म्हणजे कारखान्यात माग बिघडला की ज्याच्या नावानं ओरडत्यात तो. कोपरापर्यंत हात तेलात आणि कमरेला पक्कड. "ए जॉबर, चार नंबर बंद पडलाय!" एवढीच माझी वळख.

आणि पिराजी वहिफणीवाला. नवीन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, मागावर चढायच्या आधी त्यातला एकेक धागा आकडीनं ओढून तारेच्या बारक्या डोळ्यातनं आणि मग फणीतनं काढायचा, असं तीन तीन हजार धागं. एक चुकला की सगळ्या कापडाला रेघ. पिराजीचा चुकायचा न्हाय. काळ्याला लागून काळा धागा असला तरी गडी गप्पा हाणत हाणत ओढायचा. मालक त्याला 'पिराजीराव' म्हणायचं आणि बसायला खुर्ची द्यायचं. "काय डोळं दिल्यात देवानं!" असं कुणी म्हणलं की मी तिथनं उठून जायचो. माग मी दुरुस्त करायचा, आणि कौतुक कुणाचं? पिराजीच्या डोळ्यांचं. चाळीस वर्षं ऐकलं मी हे.

सुट्टीदिवशी मात्र आम्ही बरोबरीचं. पंचगंगेवर दावण टाकायला जायचो. दावण म्हणजे एक लांब दोरी, तिला हात-हातभर अंतरावर बारक्या दोऱ्या आणि एकेका दोरीला एकेक गळ. गोठ्यात जनावरं ओळीनं बांधत्यात की, तसं. आमची तीस गळांची. एक टोक काठावरच्या बाभळीला बांधायचं आणि दुसरं पाण्याच्या पार पलीकडं. आता पिराजीला पोहता येत न्हाय, गुडघ्याच्या वर पाणी आलं की ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणून दुसरं टोक माझं. दातात धरायचं आणि मारायची उडी. पिराजी काठावर टोपली घेऊन बसायचा. टोपलीच्या काठाला सगळं गळ ओळीनं अडकवलेलं, एक सुटला की त्याच्या मागनं दुसरा, कधी गुंता म्हणून न्हाय. म्हणायचा, "किसना, मी सोडतो, तू घेऊन जा. तू न्हाईस तर माझी दावण बाभळीलाच बांधून ऱ्हायची."

ह्या एका वाक्यावर मी तीस वर्षं काढली. कारखान्यात तो पिराजीराव असंल, पर नदीवर माझ्याशिवाय त्याचं पान हलायचं न्हाय.

पुढं नदीचं पाणी खराब झालं, मासं मरून वर याय लागलं. दावण पिराजीच्या माळ्यावर गेली. आम्ही दोघं सुट्टीदिवशी चहाच्या टपरीवर बसून जुन्या माशांच्या गोष्टी करायचो. मला तेवढं पण पुरत हुतं.

मग आला तो व्याही. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणत्यात ते खोटं न्हाय. चार वर्षांमागं पिराजीनं आपली पोरगी मोना कोकणात दिली, देवगडच्या अलीकडं, अगदी समुद्राच्या काठाला. सासरा गुणाजी म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीकडं जाऊन आला तो पिराजी टपरीवर आल्या आल्या म्हणतो कसा, "किसना, समुद्रात पण दावण टाकत्यात लगा! साठ गळांची!"

"तुला पोहाय येत न्हाय," मी म्हणलं. "बुडून मरशील."

"पोहायचं न्हाईच की! ओहोटीला पाणी आत जातंय, आपण वाळूवरनं चालत जायचं. दोन खुट्या मारायच्या, दावण ताणून बांधायची, गळाला तारल्याचं, म्हणजे बारक्या माशाचं, तुकडं लावायचं आणि घरी येऊन जेवायचं. भरतीबरोबर मासं येत्यात. परत ओहोटी लागली की जाऊन काढून आणायचं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "आणि दुसरं टोक?"

"व्याही धरत्यात की," असं म्हणून त्यानं बिस्किट चहात बुडवलं.

सहज बोलला तो. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. तीस वर्षं दातात दोरी धरून मी नदी पोहलो, आणि ह्या गुणाजीनं काय केलं? चालत गेला! आयत्या बिळावर नागोबा.

तिथनं पुढं पिराजी दर अमावास्येला जोडून कोकणात जायचा, उधाणाची ओहोटी लांबपर्यंत जाती म्हणून. येताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि मासं. त्याची बायको चिमणाबाई आमच्याकडं तांबोशीच्या रश्श्याची वाटी पाठवायची. आमची मंडळी बोटं चाटत म्हणायची, "व्याही असावा तर असा!" मी म्हणायचो, खारट झालंय. तर म्हणती कशी, "समुद्रातला हाय म्हणून खारट लागत असंल तुम्हाला." आणि सून पदर तोंडाला लावून हसली.

हे पण सोसलं असतं. पर दोन वर्षं झाली, पिराजी माझ्याकडं बघंनाच. मी समोर बसून बोलतोय आणि ह्याचं तोंड खिडकीकडं. टपरीवर बसलो की रस्त्याकडं. मी म्हणायचो, "अरं, हिकडं बघ की, मी हितं हाय." तर म्हणायचा, "ऐकतोय की, बोल." रस्त्यानं समोरासमोर आलो आणि मी हाक मारली न्हाय तर सरळ पुढं जायचा. मी मनात म्हणलं, चढली गड्याला. समुद्राचं मासं खाऊन आता नदीची माणसं दिसंनात. कामावर पण आता चिमणाबाई शेजारी बसून धागं द्यायला लागलेली. मी एकदा चारचौघांत म्हणलं, "काय पिराजीराव, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय!" सगळी हसली. चिमणाबाई तेवढी हसली न्हाय.

ह्या वर्षी माघातली अमावास्या सुट्टीला जोडून आली. पिराजी म्हणाला, "येतोस काय कोकणात? व्याही लई दिवस म्हणत्यात, तुमच्या दोस्ताला घेऊन या."

बघा, आमंत्रण पण व्याह्याचं! ह्याला स्वतःला वाटलं न्हाय. तरी गेलो. म्हणलं, बघू तर खरं, कोण हाय हा एवढा लागून गेलेला.

गगनबावड्याचा घाट उतरून संध्याकाळी पोचलो. गुणाजी एष्टीच्या थांब्यावर येऊन उभा हुता. लुंगी, बारीक अंग, तोंडभर हसू. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मला तेवढाच आधार. पर तो चांगला निघाला आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्यानं पिराजीचा हात धरला तो अंगणापर्यंत सोडला न्हाय. "पायरी असा हां, व्याही," "हयसर दगड असा." नवी नवरी पण एवढी कुणी जपून आणत न्हाय. रात्री जेवायला बसलो तर ह्यानं माशाचं काटं काढून नुसतं मांस पिराजीच्या ताटात ठेवलं. काटं काढून! माझ्या आईनं पण मी पाच वर्षांचा झाल्यावर ते बंद केलतं. आणि पिराजी आपला गपगुमान खातोय. माझ्या ताटात अख्खा मासा, काट्यासकट. मी पावणा, मला कोण विचारतंय!

जेवणं झाल्यावर गुणाजी दावण घेऊन बसला. टोपलीच्या काठाला एकेक गळ ओळीनं अडकवत गेला. हे काम पिराजीचं! तीस वर्षं त्यानं मला कधी हात लावू दिला न्हाय त्या टोपलीला. आणि आता शेजारी बसून नुसती बोटं फिरवत हुता, "झकास व्याही, झकास." म्हणजे दुसरं टोक पण त्याचं आणि टोपली पण त्याचीच. मग मी कशाला आलतो घाट उतरून?

मला झोप लागली न्हाय. तांबडं फुटायच्या बेताला उठलो. व्याही आत चूल पेटवत हुता, पिराजी तोंड धूत हुता. टोपली अंगणात एकटीच. आता जे केलं ते सांगतो, लाज सोडून. मी दहा-बारा गळ उचललं, एकमेकांच्या दोरीतनं फिरवलं आणि खालच्या बाजूला एक घट्ट गाठ मारून परत हुतं तसं काठाला लावून ठेवलं. वरनं बघितलं तर काय कळायचं न्हाय. मनात हिशेब साधा हुता. वाळूवर गुंता होणार, गुणाजीचं नाक कापणार, आणि पिराजी म्हणणार, "किसना, ये हिकडं, ह्यांच्यानं व्हायचं न्हाय." मग गुंता तो सोडवणार. त्याच्या बोटांपुढं तो गुंता किती वेळचा? आणि टोक मी धरणार, पहिल्यासारखं. एवढंच मला पाहिजे हुतं. आईशप्पत, एवढंच.

पाणी लांब आत गेलतं. ओल्या वाळूवरनं तिघं चालत गेलो. गुणाजीनं पहिली खुटी ठोकली, एक टोक बांधलं, टोपली पिराजीच्या मांडीवर दिली आणि दुसरं टोक घेऊन निघाला. पंधरा-वीस गळ सुटलं आणि दोरीला हिसका बसला. टोपलीतनं सगळा गोळाच वर आला.

"ह्यां कसां झालां?" गुणाजी पळत आला. "राती मीच सगळां नीट लायलंय!"

"काय हो व्याही," मी म्हणलं, "समुद्राची माणसं तुम्ही आणि दावणीचा इस्कोट करताय?" किती गोड वाटलं म्हणून सांगू ते बोलताना!

गुणाजी गळांकडं हात न्यायला लागला तसा पिराजी म्हणाला, "राहू द्या. गुंता माझ्याकडं असू द्या. जन्मभर दुसरं काय केलंय मी?"

"नको व्याही, माका द्या," गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज एकदम कापरा झालता. मला वाटलं, अब्रू गेली म्हणून. "पाणी वळाचा टायम झालो. आज ऱ्हवांदे."

पिराजीनं ऐकलं न्हाय. तसाच वाळूत बसून बोटांनी गुंता चाचपाय लागला. पर बघत हुता पार बाजूच्या खडकांकडं. मी थांबलो थोडा वेळ. एक दोरी सुटली, दुसरी आणखी अडकली. माझ्या मनासारखं काय होईना. मला 'ये' म्हणंना, माझ्याकडं बघंना, त्या खडकांतच सगळं सोनं ठेवलंय जणू. शेवटी माझं डोकं सटकलं.

"अरं हाताकडं बघ की! तिकडं काय हाय? आंधळा हाईस काय?"

तो दचकला. आणि एक गळ त्याच्या उजव्या अंगठ्यात आरपार शिरला.

"दिसत नाय त्यांका!" गुणाजी माझ्यावर ओरडला. "तुमका म्हायत नाय? चाळीस वर्साचे दोस्त तुमी!"

मला काय ऐकू आलं ते कळलंच न्हाय आधी. अंगठ्यातनं रक्त वाळूवर पडत हुतं. गळाला उलटा दात असतो, मागं ओढला तर मांस फाटतंय. टोक पुढं ढकलून बाहेर काढायचं, दात तोडायचा आणि मग मागं घ्यायचा. सवयीनं पक्कड तिथं पण माझ्या कमरेला हुतीच. मी त्याच्या समोर गुडघ्यावर बसलो. आयुष्यात हजारो तारा तोडल्या, त्या दिवशी पक्कड दोनदा निसटली. पिराजीचं तोंड माझ्यापासनं एक वीतभर, आणि नजर माझ्या कानाच्या पलीकडं.

गळ निघाला. गुणाजी हळद आणि फडकं आणायला घराकडं पळाला. आम्ही दोघंच ऱ्हायलो. पाणी वळलं हुतं, हळूहळू खुटीकडं यायला लागलं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. डोळ्याच्या मागचा पडदा गेलाय म्हणत्यात. मधलं दिसत न्हाय, कडंचं तेवढं दिसतंय. समोर धरलं की काळं. तोंड फिरवलं की कडंनं जरा जरा कळतं. कामावर चिमणा बघती, मी ओढतो. चाललंय."

दोन वर्षं हा माणूस मला बघायसाठी तोंड फिरवत हुता. टपरीवर, कारखान्यात, सगळीकडं. आणि मी दोन वर्षं घरी जाऊन बायकोला सांगत हुतो, चढलीया पिराजीला, माझ्याकडं बघत न्हाय. चिमणाबाईला चारचौघांत बोललेलं आठवलं आणि माझं मलाच थोबाडावं वाटलं.

पर सवय वाईट. एवढं झालं तरी तोंडातनं तेच निघालं. "व्याह्याला सांगितलंस. मला न्हाय."

"व्याह्यांना सांगायला सोपं," पिराजी म्हणाला. "माझ्या डोळ्यांचं कौतुक त्यांनी कधी ऐकलंच न्हाय. तू चाळीस वर्षं जळलास त्याच्यावर."

"तुला म्हाईत हुतं?"

"कबनुरातल्या पोराटोरांना म्हाईत हाय, खुळ्या." तो जरासा हसला. मग म्हणाला, "मला भ्या वाटलं, किसना. डोळं गेलं म्हणून सांगताना तुझ्या तोंडावर जराजरी आनंद दिसला असता, तर मी कुणाकडं बघून जगायचं हुतं? म्हणून गप बसलो. आता तुझं तोंडच दिसत न्हाय. आता सांगायला काय हरकत न्हाय."

मी रडलो. साठीचा बाप्या, वाळूत बसून पोरासारखा रडलो. त्याला दिसत न्हाय म्हणून तोंड पण लपवलं न्हाय.

तो डाव्या हातानं मांडीवरचा गुंता चाचपत हुता. एका जागी बोट थांबलं. तिथंच दोन-तीनदा फिरवलं.

"ही गाठ मागाचा पट्टा तुटल्यावर मारत्यात ती हाय," तो हळू म्हणाला. "व्याह्यांना ही येत न्हाय. हितं कुणालाच येत न्हाय."

मी म्हणलं, "पिराजी..."

"गप. व्याही आलं."

गुणाजी धापा टाकत आला, हळद दाबली, फडकं बांधलं. आणि परत तेच, "राती मी नीट लायलंय हो, कसां झालां कळणा नाय." बिचारा अगदी अपराध्यागत बोलत हुता. पिराजी म्हणाला, "तुमचं काय चुकलं न्हाय, व्याही. सकाळी मीच चाचपत बसलतो जरा, माझ्या हातनं गुंतलं असंल."

चारचौघांत माझ्या दोन कानफडात दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुपारभर मी तो गुंता सोडवला. पिराजी शेजारी बसून सांगत हुता, "घाई करू नको. कुठला धागा कुणाच्या खालनं गेलाय ते आधी बघ. ओढू नको, वाट दे." चाळीस वर्षांत त्याचं काम काय असतंय ते मला पहिल्यांदा कळलं. तीन तास गेलं, मानेचा काटा ढिला झाला. ती गाठ सगळ्यात शेवटी सुटली, माझीच असून.

संध्याकाळी परत ओहोटी लागली. तिघं वाळूवर गेलो. खुटी ठोकून झाल्यावर सवयीनं गुणाजीनं दुसरं टोक हातात घेतलं. मी मागं सरून उभा ऱ्हायलो. मला आता मागायचं तोंड न्हवतं.

"व्याही," पिराजी म्हणाला, "तुम्ही गळांना आमिष लावत चला. टोक किसनाला द्या. ते त्याचं हाय."

गुणाजीनं दिलं, हसून. आणि खोटं बोलत न्हाय, त्या हसण्यावर पण मी जरा जळलोच. पिराजीला पायरी दाखवणारा हात अजून त्याचाच हुता, काटं तोच काढणार हुता. ते काय माझ्याच्यानं एका दिवसात सुटायचं न्हाय.

मी टोक घेऊन निघालो. मागनं पिराजी टोपली मांडीवर घेऊन बोटांनी एकेक गळ सोडत हुता आणि दोरी माझ्यामागं सरळ येत हुती, कुठं अडकली न्हाय. साठावा गळ सुटल्यावर दोरी ताठ झाली. मी थांबून मागं वळलो. पिराजी उठून खुटीपाशी उभा ऱ्हायला हुता, तोंड पार खडकांकडं फिरवून. सकाळपर्यंत मी म्हणलो असतो, बघा, ह्याचं माझ्याकडं लक्षच न्हाय.

मी टोक वर धरून हात हलवला. त्यानं पण लगेच हलवला, फडकं बांधलेला.